अमेरिकेत बी.एस.साठी (तिथल्या पदवीसाठी) अर्ज: विद्यापीठांची यादी करताना

बारावीनंतर थेट अमेरिकेत इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर विद्यापीठाचा सरसकट प्रवेश-दर (शंभर अर्जदारांपैकी किती जणांना प्रवेश मिळतो) बघून अंदाज बांधू नकोस. सरकारी विद्यापीठांच्या त्या आकड्यात त्याच राज्यातली मुलंही धरलेली असतात. परदेशी अर्जदारांचा दर सहसा बराच कमी असतो, कॉम्प्युटर सायन्सचा त्याहूनही कमी. इलिनॉय (अर्बाना-शॅम्पेन) किंवा बर्कलीला दुसऱ्या शाखेत शिरून नंतर कॉम्प्युटर सायन्सला वळू, हा बेत तर करूच नकोस. ती वाट फार अरुंद आहे. मटेरियल्स किंवा सिव्हिल खरोखर आवडत असेल तरच ते भर.

पैशाचं घरी आधी बोलून घे. आर्थिक मदत मागितली म्हणून एमआयटी अर्ज मागे टाकत नाही. स्टॅनफर्डमध्ये मात्र परदेशी मुलांच्या बाबतीत ती मागणी निर्णयात धरली जाते. सरकारी विद्यापीठांत गरजेनुसार मदत परदेशी विद्यार्थ्याला क्वचितच मिळते.

एमआयटी, जॉर्जिया टेकला सॅट किंवा एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा लागते. बर्कली, यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) ती बघतच नाहीत. जेईईचा रँक चांगला असेल तर जरूर लिही, पण तो सॅटची जागा घेत नाही. शिफारसपत्रं शिक्षकांनी स्वतः ऑनलाइन चढवायची असतात, म्हणून त्यांना ऑगस्टमध्येच विचार. नववी-दहावीच्या गुणपत्रिकाही लागतात. शाळा बदलली असेल तर त्या आत्ताच मागव.