एक चौरस मीटरच्या सौर पेटीतून रोज 20 लिटर गोडं पाणी मिळेल का?

नाही मिळणार. ही पेटी उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ करते, आणि ती वाफ वरच्या काचेवर जमून गोडं पाणी होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 2.3 मेगाज्यूल लागतात, आणि चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसभरात 18 मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा पडते. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तरी आठ लिटरही नाहीत. साध्या पेटीतून प्रत्यक्षात दोन ते चार लिटर निघतात.

तरी नमुना जरूर करा. काळा रंग दिलेला उथळ ट्रे, त्यात जेमतेम दोन सेंटीमीटर खारं पाणी, खाली थर्माकोल, वर उतरती काच. प्लॅस्टिक कागद स्वस्त पडतो खरा, पण त्यावर थेंब सुटे राहतात आणि परत ट्रेमध्ये टपकतात. काचेवरून ते ओघळत पन्हळीत येतात. सगळा जीव सांध्यांत आहे. फट राहिली की वाफ गेलीच, सिलिकॉन लावताना कंजूषी नको. उरलेलं दाट खारं पाणी रोज काढा, नाहीतर तळाला मिठाची पांढरी खपली धरते आणि ऊन परतवते.

20 लिटर हवेतच, तर जागा वाढवा. चिलीतल्या लास सालिनासला 1872 मध्ये हेच केलं होतं: साडेचार हजार चौरस मीटरच्या आसपास काच, रोज वीस हजार लिटरहून जास्त पाणी.