जुन्या डिझेल पिकअपचा सेल्फ फिरतो पण इंजिन स्टार्ट घेत नाही. पंप उतरवावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००५ सालची आहे, साध्या पंपाची (पंप म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा डिझेल पंप). पावसाळ्यात तीन आठवडे शेडमध्ये उभी होती. आता सेल्फ फिरतो, इंजिन स्टार्ट घेत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो पंप उतरवावा लागेल.

एवढ्यात उतरवू देऊ नका. ही चूक मी करून बसलोय, त्याचं पुढे सांगतो.

आधी गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. एकाला सायलेन्सरमागे उभं करा आणि तुम्ही दहा सेकंद सेल्फ मारा. धूर दिसतो का, एवढंच त्याला बघायला सांगा. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा १७-१८ पट दाबली की ती एवढी तापते की वरून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. त्यामुळे सेल्फ मारताना पांढरट धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, फक्त पेटत नाही. धुराचा मागमूस नसेल तर डिझेल पोचतच नाही. उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा हे दुसरंच निघतं.

सेल्फ नीट फिरतो म्हणता, तरी बॅटरीकडे एकदा बघाच. इंजिन फिरल्याचा आवाज येणं वेगळं आणि डिझेल पेटण्याइतकं जोरात फिरणं वेगळं. मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट पार विझत आला तर बॅटरी तरी बसलीय किंवा टर्मिनल तरी खराब आहे. टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा. इंजिनवरून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टीही उघडून घासा. तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि नवी बॅटरी टाकूनही रडणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा तीच गंजलेली असते.

मग चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. पंपाजवळ कान नेऊन ‘टक्’ असा आवाज येतो का ऐका. पंपावर एक छोटा सोलेनॉइड असतो, तो चावी ऑन झाली की डिझेलची वाट उघडतो. (तुमची गाडी बंद करायला दांडा ओढावा लागत असेल तर सोलेनॉइड नसेल. मग तो दांडा पूर्ण आत गेलाय ना ते बघा. अर्धवट अडकलेल्या दांड्यामुळे दोन तास घालवलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे.) आवाज येत नसेल तर सोलेनॉइडची वायर काढून बॅटरीच्या प्लसवरून थेट करंट द्या. आता ‘टक्’ झालं तर सोलेनॉइड ठीक आहे, करंटच येत नाही. फ्यूज बघा, आणि वायर शेवटपर्यंत हाताने चाचपत जा. तीन आठवडे शेडमध्ये उभी म्हणजे उंदरांना घरच मिळालं. आणि सोलेनॉइड उघडत नसेल तर धक्का मारूनही उपयोग नाही, माणसं तेवढी दमतात.

हे ठीक असेल तर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. मला नव्वद टक्के संशय तिथेच आहे.

माझी गोष्ट सांगतो. मी निफाड तालुक्यातला. आमची पिकअप कांदा लासलगावला नेते, टोमॅटो पिंपळगावला. एका डिसेंबरात सकाळी गाडी फार वेळ सेल्फ मारल्याशिवाय स्टार्ट होईना. आमच्याकडे थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, म्हणून सगळा दोष थंडीला दिला. बॅटरी बदलली. हीटर प्लग (थंड इंजिन स्टार्ट व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारे) बदलले. शेवटी एका गॅरेजमध्ये पंप उतरवून कॅलिब्रेशनला दिला. गाडी आली, चार दिवस पटकन स्टार्ट झाली, मग एक दिवस उभी राहिली आणि पुन्हा तेच. गावातल्या जुन्या ट्रॅक्टर मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, “रात्री गाडी कुठं तोंड करून लावतो?” आमच्या खळ्याला चढ आहे, मी नेहमी तोंड वर करून लावायचो. ते म्हणाले, “आज उलटी लाव.” दुसऱ्या दिवशी पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाइपमध्ये दाब नसतो, ओढ असते. तिथे बारीक चीर गेली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत खेचली जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि मेकॅनिकही तिकडे बघत नाही. गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. तोंड चढाला असेल तर आणखी लवकर. माझ्या गाडीत टाकीच्या डोक्यावरचा रबरी पाइप क्लिपखाली तडकला होता. वीतभर पाइप, दोन क्लिपा, काम संपलं. पंपाच्या बिलात तसल्या पाइपाचं भेंडोळं आलं असतं.

एअर काढायची अशी. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू थोडा सैल करा आणि डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप मारत रहा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. फेस थांबून सलग डिझेल यायला लागलं की हातपंप चालू ठेवूनच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपावर एअर स्क्रू असेल तर तिथेही हेच. शेवटी नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) जाणाऱ्या दोन पाइपांचे नट अर्धा आटा सैल करा, बहुतेक १७ चा पाना लागतो, आणि सेल्फ मारायला सांगा. नटाजवळून डिझेल उसळलं की आवळा. हात लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. या पाइपांत दाब १०० बारच्या वर जातो आणि बारीक धार कातडी फोडून आत घुसते. वरून टोचल्यासारखं दिसलं तरी तो दवाखान्याचा मामला असतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फचं आर्मेचर जळेल.

हातपंप कितीही मारला तरी तो घट्ट लागत नसेल, किंवा एअर काढल्यावर गाडी सुरू होऊन उद्या पुन्हा रुसली, तर डब्याची युक्ती करा. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात डिझेल घ्या, तो इंजिनपेक्षा उंच बांधा, बॅटरी आणि सायलेन्सरपासून लांब. फीड पंपाला येणारा पाइप टाकीकडून काढून नवा पाइप थेट डब्यात सोडा, रिटर्नचाही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) डब्यातच. एअर काढा आणि स्टार्ट करा. डब्यावर गाडी गुमान चालली तर पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळं शाबूत आहे, दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे. रबरी पाइप, क्लिपा, टाकीतली जाळी, जोडांतले तांब्याचे वायसर बघा. वायसर एकदा उघडला की नवाच टाका, जुना उलटा करून बसवायची आपल्याकडची सवय एअरला आमंत्रण देते.

पावसाळा असल्याने फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसेल. फिल्टर वर्षभर जुना असेल तर तपासत बसू नका, बदला. आणि शेडमध्ये पुराचं पाणी चढलं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सेल्फला हातही लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून आत ओल आहे का बघा.

धूर येतोय पण इंजिन पेटत नाही, अशी गत असेल तर हीटर प्लग टेस्ट लॅम्पने बघा. इंजिन जुनं असेल आणि आधी चालू असताना ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभक वाफ मारायचं, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन होतं (सिलिंडरमधला दाब खाली निसटत होता), तर मामला पिस्टन-रिंगांचा. एअर फिल्टरमध्ये पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे मात्र कुणालाही मारू देऊ नका, हीटर तापलेले असतील तर भडका उडतो.

आता पंप. फीड पंपाकडून भरपूर डिझेल येतंय, सोलेनॉइड वाजतोय, एअर निघालीय, डब्यावरही लावून बघितलं, तरी एकाही नोझलच्या नटाशी डिझेल येत नाही, तेव्हाच गॅरेजवाल्याचं ऐका. तेव्हाही उतरवण्याआधी पंपाची फ्लँज (बोल्ट बसतात ती कड) आणि इंजिनची बॉडी या दोन्हींवर छिन्नीने एक सरळ खूण मारून घ्या, म्हणजे बसवताना टायमिंग हलणार नाही. माझ्या वेळी ती खूण कुणी केली नव्हती, आणि पुढचे दोन महिने गाडी खडखड करत होती.