वाचकांचे प्रश्न : गॅसवरची जुनी व्हॅन घेताना

प्रश्न : 1996 ची मारुती ओम्नी विकायला आहे. मागे पलंग आणि कपाट करून घेतले आहे, सीएनजी कीट आहे. मालक म्हणतात, गाडी ‘विंटेज’ असल्याने पासिंगची कटकट नाही. घ्यावी का? – एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : ‘विंटेज’ हा शब्द इथे किंमत वाढवण्यापुरता आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली गाडीच विंटेज ठरते, आणि तिच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. म्हणजे ही ओम्नी 2046 पर्यंत त्यात बसत नाही. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. सुट्टीत भटकायला ती उपयोगाचीच नाही.

तेव्हा ही साधी जुनी खाजगी गाडी समजा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण लागते. आरसीवर पुढची तारीख बघा. इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर सीएनजी आहे का तेही बघा. नुसते ‘पेट्रोल’ असेल तर कीट कागदोपत्री नाहीच, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते. पॉलिसीत कीटसाठी आयएमटी 25 ची (गॅस कीटच्या विम्याचे जोडकलम) नोंद हवी. पलंगासाठी सीट काढल्या असतील आणि आरसीवर आसनसंख्या जुनीच असेल, तर दरजीपुऱ्याच्या आरटीओत तपासणीला अडेल. हे मालकाकडूनच निस्तरून घ्या आणि उरलेली रक्कम त्यानंतरच द्या.

आता सिलिंडर. रंग, पडदे, एलईडी दिवे नंतर पाहा. आधी पलंगाची फळी उचला. सिलिंडरच्या खांद्यावर नंबर आणि तारखा ठोकलेल्या असतात. तोच नंबर गाडीवरच्या पाटीवर आणि प्रमाणपत्रावर हवा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) दर 3 वर्षांनी लागते आणि मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये गॅस भरता येत नाही. व्हॅनमध्ये सिलिंडर माणसांबरोबरच असतो, म्हणून त्याच्या व्हॉल्व्हवर हवाबंद पिशवी आणि तिथून गाडीबाहेर जाणारी नळी हवीच. सुतारकाम करताना ही नळी चेपली जाते किंवा कापून टाकतात, आणि वरून प्लायवूड बसले की कोणाला दिसत नाही. मग खालून पाहा : सिलिंडर धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट पत्र्यातून आरपार जाऊन खाली जाड प्लेटवर आवळलेले हवेत. ओम्नीचा पत्रा इथेच गंजतो. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. भुसभुशीत लागला तर सौदा सोडा. 60 लिटरचा लोखंडी सिलिंडर हलका नसतो, जोराचा ब्रेक लागला की तो पुढे येणार.

प्रश्न : हीच कार्ब्युरेटरची गाडी पेट्रोलवर बरी चालते. गॅसवर टाकली की पावागडला माचीच्या चढावर दम टाकते, मधेच फट्ट आवाज होतो. विकणारा म्हणतो, ट्यूनिंग केले की झाले. – तोच वाचक

उत्तर : थोडी ताकद कमी होणारच. मिक्सरमधून (गॅस आणि हवा मिसळणारा भाग) गॅस शिरला की तेवढी हवा कमी जाते. त्यापुढची घट आणि आवाज ही मात्र दुखणी आहेत.

फट्ट आवाज म्हणजे मिश्रण इंजिनात शिरण्याआधी, इनटेकच्या नळीतच पेटले. बहुधा स्पार्क कमजोर असतो. गॅसला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, म्हणून जुन्या प्लग वायर पेट्रोलवर निभावतात आणि गॅसवर उघड्या पडतात. प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप बदलून घ्या आणि मिक्सरच्या सांध्यात हवा शिरते का पाहा. एअर फिल्टरचा डबा फुटून पुन्हा चिकटवलेला दिसला तर हे बरेच दिवस चालू आहे.

चढावर दम टाकते त्याचे एक कारण फार ठिकाणी सापडते. गाडी तापते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा भाग) काढून टाकलेला असतो. गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये 200 बारच्या आसपासचा गॅस एकदम पसरतो आणि थंड होतो. त्याला ऊब इंजिनच्या गरम पाण्याची मिळते. थर्मोस्टॅट नसला की पाणी तापायला वेळ लागतो, रेग्युलेटर गारठतो, गॅस अडखळतो. गाडी वीस मिनिटे चालवा आणि रेग्युलेटरला हात लावा. कोमट लागला पाहिजे. दव धरलेला दिसला तर पाण्याच्या नळ्या आणि थर्मोस्टॅट दोन्ही तपासा.

तरीही सुधारली नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन आतली हवा किती दाबते त्याची तपासणी) करा. इंजिनच्या तिन्ही सिलिंडरांच्या आकड्यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. कोरड्या गॅसवर इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठका (सीट) झिजतात, टॅपेटचे (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) अंतर कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. तिथे ट्यूनिंग करून काही होत नाही, इंजिनचे हेड उतरवावे लागते. त्याचा खर्च किमतीतून वजा करा.

सुरू मात्र पेट्रोलवरच करा आणि रोज दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर कार्ब्युरेटरचे रबर सुकते. गॅसवर जाताना स्विच मधल्या जागी ठेवून कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल संपू द्या.

प्रश्न : पलंगाशेजारी शेगडी ठेवली आहे, ती इंजिनच्याच गॅसवर जोडता येईल का?

उत्तर : नाही. स्वयंपाकाचा छोटा सिलिंडर आत ठेवून शेगडी पेटवणेही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. सीएनजी हलका, तो छताशी जमतो. खिडकी उघडी ठेवून दोन्हींचा बंदोबस्त होत नाही. शेगडी गाडीबाहेर, दार बंद करून, वाऱ्याच्या आडोशाला मांडा.