पेट्रोल गाडी ऑइल खाते, कसारा घाटात दम टाकते. नाशिकमध्ये इंजिन काम करून घेऊ की इंजिनच बदलू?

लगेच इंजिन खोलू देऊ नका. आधी गरम इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. नाही चढला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट), म्हणजे बहुधा हेडच्या कामात भागेल.

झिजलेला बोअर कापून मोठा करण्याआधी ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन मिळतात का ते विचारा, सगळ्या मॉडेलना मिळत नाहीत. ब्लॉकला (सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य भागाला) तडा गेला असेल तर मात्र इंजिन बदलाच. जुनं इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं हवीतच: इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. आणि रेडिएटर साफ करून घ्या, तो चोंदलेला राहिला तर नवं कामही घाटात तापून वाया जाईल.