क्रियाविशेषणे मुलांना कशी शिकवावीत?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत आहे. क्रियाविशेषण अव्ययाची व्याख्या आणि प्रकार तिला तोंडपाठ आहेत. पण निबंधात ती जिथे तिथे ‘खूप’ आणि ‘छान’ लिहिते. शिवाय ‘ती चांगली गाते’ या वाक्यातल्या ‘चांगली’ची जात तिने विचारली, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. काय करावे?

उत्तर : व्याख्या काही दिवस बाजूला ठेवा आणि क्रियापदापासून सुरुवात करा. ‘बसला’ एवढेच लिहून कसा बसला, कुठे, केव्हा, किती वेळ असे विचारत गेलात, की मूल आपणहून शब्द शोधू लागते. दमून आलेला माणूस मटकन बसतो, गुडघे दुखणारे आजोबा सावकाश बसतात, रुसलेले मूल गुपचूप बसते. हे तिला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. मराठीचे फार मोठे धन अशा शब्दांत आहे. आपण खुदकन हसतो, डोळ्यांत टचकन पाणी येते. पण खुदकन रडला असे कोणी म्हणत नाही. म्हणूनच क्रियाविशेषण त्याच्या क्रियापदासह शिकवावे. सुटी यादी पाठ केल्याने ते लेखणीत उतरत नाही.

जागेकडेही लक्ष द्यावे. ‘हळू बोलणारा मुलगा निघून गेला’ आणि ‘बोलणारा मुलगा हळू निघून गेला’ यांत शब्द तेच असूनही अर्थ वेगळा आहे.

मुलीची शंका अगदी रास्त आहे, तिचे कौतुक करा. ‘चांगली’ हा शब्द कशी गाते ते सांगतो, म्हणून तो क्रियाविशेषण आहे. मात्र ‘तो चांगला गातो’ असे त्याचे रूप बदलते, म्हणून ते अव्यय नव्हे. ‘छान’ दोन्हीकडे तसेच राहते. तसेच ‘मूल खाली बसले’ यात ‘खाली’ क्रियाविशेषण अव्यय आहे, तर ‘झाडाखाली’ मध्ये ते नामाला जोडून आले आहे, म्हणून शब्दयोगी अव्यय. जात ठरते ती वाक्यातल्या कामावरून.

राहिला ‘खूप’. ‘पाऊस खूप पडत होता’ असे तिने लिहिले, तर धो धो पडत होता की दिवसभर रिपरिप, एवढेच विचारा. आणि ‘जोरात ओरडला’ असे लिहिले, तर ‘जोरात’ खोडायला सांगा. ओरडण्यात जोर आलाच.