बुटाची माती काय सांगते?

प्रश्न : संशयिताच्या बुटाला लागलेली माती घटनास्थळाचीच आहे, असं प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगू शकते का?

उत्तर : नाही. बोटांच्या ठशासारखी माती एकमेव नसते. दोन नमुने एका जागचे नाहीत, हे मात्र बऱ्याचदा ठामपणे सांगता येतं. नमुने जुळले, तर ‘ही माती तिथली असू शकते’ एवढंच म्हणता येतं. त्या म्हणण्याचं वजन ठरतं ते तशी माती आसपास किती सर्रास सापडते यावर. नुसती क्वार्ट्झची (गारगोटीच्या खनिजाची) वाळू जुळली, तर त्याला फारसा अर्थ नाही. त्याच मातीत विटेची भुकटी, रंगाचे पापुद्रे, काचेचे कण किंवा विशिष्ट परागकण असतील, तर जुळणीला खरा जोर येतो.

प्रश्न : नमुने गोळा करताना कुठे चुकतं?

उत्तर : सर्वात मोठी चूक म्हणजे बुटावरची माती खरवडून डबीत भरणं. ढेकळातले थर कोणत्या क्रमाने चढले, हाच खरा पुरावा असतो आणि खरवडताना तोच मोडतो. जर्मनीत १९०८ साली एका खून प्रकरणात न्यायवैद्यक रसायनतज्ज्ञ गेओर्ग पॉप यांनी संशयिताच्या बुटावरचे थर एकेक करून तपासले. आत घराजवळची हंसांची विष्ठा, त्यावर गवत, मग घटनास्थळाकडची लाल वालुकाश्माची माती आणि सर्वात बाहेर कोळसा, वीट व सिमेंट. संशयित म्हणत होता की आपण स्वतःच्या शेतात फिरत होतो, पण त्या शेतातले खडकाचे कण बुटावर नव्हतेच. माती जुळण्याइतकंच तिचं नसणंही बोलतं, ते असं.

म्हणून बूट, फावडं, कपडा आहे तसाच पाठवावा, प्रत्येक बूट वेगळ्या कागदात गुंडाळून. ओली वस्तू प्लास्टिकमध्ये बांधली की बुरशी येते. ती सावलीत, खोलीच्या तापमानाला वाळवावी. भट्टीत तापवली तर जिप्समसारखी खनिजं पाणी सोडून बदलतात.

घटनास्थळी खड्डा खणू नये. बुटाला वरचीच माती लागते, म्हणून वरचा साधारण सेंटिमीटरभर थर, एक-दोन चमचे, पुरतो. बुटाच्या ठशाचा फोटो आणि साचा आधी घ्यावा, मग ठशालगतची माती व चारही दिशांचे नमुने. काही पावलांवरही माती बदलते, त्यामुळे एकाच नमुन्यावर विसंबू नये. संशयित जिथे होतो म्हणतो, तिथलीही माती हवीच, आणि नेमकी तीच आणायची राहते.

प्रश्न : तपासणीचा क्रम काय असतो?

उत्तर : नमुना नष्ट न करणाऱ्या चाचण्या आधी. वस्तू उठावदार दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली धागे, बिया, रंगाचे कण वेचून घेतात. मग माती चाळतात. कापडात बारीक कण अडकतात, जाड वाळू गळून पडते. त्यामुळे चाळणी न लावता तुलना केली, तर एकाच जागची माती वेगळी भासते. तुलना नेहमी एकाच आकाराच्या कणांची हवी. रंग मुन्सेल तक्त्याशी (क्रमांक दिलेल्या रंगांच्या नमुन्यांशी) पडताळतात, कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही स्थितींत, एकाच प्रकाशात. पुढे वाळूचे कण ध्रुवित प्रकाशाच्या (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या) सूक्ष्मदर्शकाखाली जातात, तिथे खनिजं ओळखता येतात. सुमारे २.८ ते २.९ घनतेच्या (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) द्रवात क्वार्ट्झ (२.६५) तरंगतो, गार्नेट आणि झिरकॉन ही जड खनिजं तळाशी बसतात, आणि तीच अनेकदा दोन जागांमधला फरक दाखवतात. २ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक चिकणमातीसाठी क्ष-किरण विवर्तन वापरतात, म्हणजे स्फटिकांवरून क्ष-किरण कसे विखुरतात त्यावरून खनिज ओळखतात.

प्रश्न : बूट धुतले असतील तर?

उत्तर : तरीही पाठवावेत. तळव्याच्या खाचांत, शिलाईत, टाचेच्या सांध्यात माती उरते. मात्र धुताना थर मिसळतात, त्यामुळे क्रम सांगता येत नाही, फक्त घटक सांगता येतात.