बनवून घेतलेला रोटाव्हेटर चिखलणीत मोडला. बाकी द्यायची की पैसे परत मागायचे?

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आमची भातशेती आहे, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. बांधालगतची पट्टी सुटू नये म्हणून एका बाजूला सरकवलेला पाच फुटी रोटाव्हेटर रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपकडून बनवून घेतला. ९५ हजार ठरले, ६० हजार दिले. बोलणी व्हॉट्सॲपवर, हातात कच्ची पावती. तिच्या पाठीवर ‘गॅरंटी नाही’ असा शिक्का. तिसऱ्याच खाचरात बेअरिंग गेलं, चेन तुटली, चेनकेसमध्ये चिखल शिरला. वर्कशॉपवाले म्हणतात ट्रॅक्टरची ताकद कमी पडली, दगडही लागला. बाकीचे ३५ हजार द्या, नाहीतर मशीन उचलून नेऊ आणि पोलिसांत जाऊ, असा त्यांचा दम आहे. मी गावात भाड्यानेही ट्रॅक्टर चालवतो, म्हणून ग्राहक मंचात जाता येणार नाही असं ऐकलं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अनुदान मिळेल का?

उत्तर : आधी धमकीचं बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. मशीन त्यांनी स्वतः तुमच्या ताब्यात दिलं. ताबा दिला की उरलेल्या पैशांसाठी माल अडवून धरण्याचा विक्रेत्याचा हक्क संपतो, असं मालविक्री कायदा, १९३० सांगतो. बाकी वसूल करायची तर त्यांनी दिवाणी न्यायालयात जावं. तुमच्या अंगणातून मशीन उचलायला कोणी आलं, तर तक्रार तुम्ही करायची आहे. आणि ३५ हजार आत्ता देऊ नका. माल सदोष निघाला तर नुकसानीची रक्कम किमतीतून वळती करून मागता येते, ही तरतूद त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. मात्र बाकी का थांबवली, हे लेखी कळवा. नुसतं गप्प बसलात तर ‘पैसे बुडवले’ एवढंच चित्र उभं राहतं.

आता मुख्य गोष्ट. तुमचा सगळा दावा एका व्हॉट्सॲप मेसेजवर उभा आहे, आणि तो तुम्ही पत्रासोबत सहज जोडल्यासारखा जोडलाय. त्यात तुम्ही लिहिलंय : ‘भाताच्या खाचरात चिखलणी करायची आहे, ट्रॅक्टर ४५ एचपी, खाली मुरूम आहे, पाणी आत जाता कामा नये.’ त्यावर उत्तर आलंय : ‘होऊन जाईल, सील डबल टाकतो.’ मालविक्री कायद्याचं कलम १६ नेमकं याच परिस्थितीसाठी आहे. वस्तू कशासाठी हवी हे घेणाऱ्याने सांगितलं, बनवणाऱ्याच्या कसबावर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असेल ही अट करारात आपोआप येते, वेगळी लिहावी लागत नाही. तुम्ही दुकानात जाऊन एखाद्या ब्रँडचा तयार रोटाव्हेटर नाव घेऊन उचलला असता, तर हे संरक्षण बरंच पातळ झालं असतं. बनवून घेतल्यामुळे तुमची बाजू इथे उलट भक्कम आहे. ‘ताकद कमी पडली’ या बचावातही म्हणूनच दम नाही; एचपी त्यांना आधी माहीत होती.

शिक्क्याचं फार मनावर घेऊ नका. अशा न लिहिता करारात येणाऱ्या (गर्भित) अटी आपसातल्या कराराने वगळता येतात हे खरं, पण सौदा पक्का होऊन पैसे दिल्यावर पावतीच्या पाठीवर एकाने मारलेला शिक्का म्हणजे आपसातला करार नव्हे. पक्कं बिल न देणं ही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथाच आहे.

दगडाचा मुद्दा मात्र मी हलक्यात घेणार नाही. खाली मुरूम असलेल्या शेतात तो कोणालाही पटेल. ट्रॅक्टरची ताकद अवजाराला पोचवणाऱ्या पीटीओ शाफ्टवरचा शिअर बोल्ट पाहा. पाती अडकली की आधी तो बोल्ट तुटावा आणि गिअरबॉक्स, चेन वाचावी, यासाठीच तो असतो. चेन तुटली आणि बोल्ट जसाच्या तसा आहे, तर बोल्ट कोणत्या ग्रेडचा घातला होता, हा प्रश्न वर्कशॉपला विचारायचा. तो तुम्ही नंतर बदलला असेल तर मला तसं आधी सांगा. दगड जोरात लागला असेल तर पात्यांवर खूण राहते, म्हणून सगळ्या पात्यांचे जवळून फोटो काढा. तुटलेली चेन, बेअरिंग, ऑइल सील गोणीत बांधून ठेवा, भंगारात देऊ नका. गावातल्या वेल्डरकडून फ्रेमचा तडा सांधून घेतल्याचं तुम्ही लिहिलंय. ते तक्रारीत स्वतःहून सांगायचं. यापुढे मशीनला कोणाचा हात लागू देऊ नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तोपर्यंत मशीन आहे त्या अवस्थेत राहिलं पाहिजे.

भाड्याच्या कामामुळे ग्राहक ठरणार नाही, हे चुकीचं सांगितलंय. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत, असा खुलासा ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रिक्षावाल्याचं आणि स्वतः लेथ चालवणाऱ्याचं उदाहरण दिलंय. मदतीला एकदोन माणसं घेतली तरी तो ग्राहकच राहतो. मशीन पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिलं, तर मात्र नाही. तेव्हा ट्रॅक्टर कोण चालवतं, हे शपथपत्रात स्पष्ट लिहा.

तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. दुरुस्ती, बदली किंवा रक्कम परत, शिवाय नुकसानभरपाई, हे सगळं मागा. दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावून चिखलणी उरकली, त्याच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी जोडा. तो खर्च मिळण्याची शक्यता चांगली. पीक कमी आल्याची भरपाई सिद्ध करणं कठीण, तरी सातबारा आणि ई-पीक पाहणी जोडून ठेवा. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. आयोगापुढे त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लावू.

पण त्याआधी, याच आठवड्यात, स्पीड पोस्टने वर्कशॉपला पत्र गेलं पाहिजे : मशीन कधी मोडलं, काय तुटलं, आम्ही ते नाकारत आहोत, घेऊन जा आणि ६० हजार परत करा. नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला की तो स्वीकारला असं धरतात, आणि मग परत करण्याचा हक्क जाऊन फक्त भरपाई उरते. दुरुस्ती आणि वापरामुळे तुमच्यावर तो आक्षेप येईलच, म्हणून पत्रात भरपाईची पर्यायी मागणीही लिहा.

अनुदान या मशीनवर मिळणार नाही. त्यासाठी खरेदीआधी पूर्वसंमती लागते आणि अवजाराचा बुदनीसारख्या मान्य केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. वर्कशॉपने ‘अनुदानात बसवून देतो’ असं कुठे लिहिलं असेल, तर तो मेसेज मला पाठवा; तो तक्रारीत स्वतंत्र मुद्दा होईल.